सक्तीचा संयम



ज्या ज्येष्ठ वकिलांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर आरोपीच्या पिंजऱ्यातल्या माणसाची बाजू मांडली. त्यांच्या नावानं बोलायचं, तर विषयही त्या पिंजऱ्याच्या जवळचाच असावा, असं मला वाटलं. म्हणून आज मी अशा एका आदेशाबद्दल बोलणार आहे, जो ऐकताना शिक्षा वाटतच नाही. न्यायाधीश दोषी ठरलेल्या माणसाला सांगतात, ‘तुला तुरुंगात पाठवत नाही. पण राग आवरायला शिक. भावना सांभाळायला शिक. अभ्यासक्रम पूर्ण कर आणि त्याचं प्रमाणपत्र कोर्टात दाखल कर.’ आणि हा अभ्यासक्रम घरी बसून, मोबाइलच्या पडद्यावर पूर्ण केला तरी पुष्कळदा चालतो.

अमेरिकेत हे रोज घडतं. बारमध्ये हाणामारी झाली, रस्त्यावर गाडीवरून वाद होऊन हात उगारला, शेजाऱ्याला धमकी दिली, की पुष्कळदा प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी अटींवर सुटका, मिळतं आणि त्या अटींमध्ये हा अभ्यासक्रम असतो.

तुमच्यापैकी अनेकांच्या मनात आलं असेल, ही काय शिक्षा झाली? हा प्रश्न आपल्यालाही नवा नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातात दोन तरुण जीव गेले. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला जामीन देताना बाल न्याय मंडळानं घातलेल्या अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याचीही अट होती. साऱ्या महाराष्ट्राचं रक्त उसळलं, आणि ते उसळणं स्वाभाविक होतं. ते प्रकरण जामिनाचं होतं आणि त्यातली हानी फार मोठी होती. त्याची बरोबरी मी इथे करत नाही. पण त्या संतापातून एक प्रश्न उरला. निबंध लिहून, वर्गात बसून, व्हिडिओ पाहून माणूस बदलतो का? आज त्याच प्रश्नाचं उत्तर शोधू. पाच मुद्दे क्रमानं मांडतो.

पहिला मुद्दा प्रोबेशनचा. कायद्याच्या मराठीत आपण परिवीक्षा म्हणतो. ही कल्पना आली कुठून?

१८४१ सालचा ऑगस्ट महिना. अमेरिकेतल्या बोस्टन शहराचं पोलीस कोर्ट. दारुडा म्हणून पकडून आणलेला एक फाटका माणूस समोर उभा आहे. त्याची रवानगी आता कोठडीत होणार. कोर्टात जॉन ऑगस्टस नावाचे गृहस्थ बसले होते. धंदा बूट बनवण्याचा. ते त्या माणसाशी चार शब्द बोलले आणि त्याला जामीन राहिले. तीन आठवड्यांनी दोघे पुन्हा हजर झाले. तो माणूस ओळखू येईना, इतका पालटला होता. न्यायाधीशांनी दंड किती केला? एक सेंट, आणि वर कोर्टाचा खर्च. १८५९ मध्ये ऑगस्टस वारले. तोवर त्यांनी जवळजवळ दोन हजार लोकांची जबाबदारी घेतली होती. पुढे १८७८ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यानं प्रोबेशनचा कायदा केला आणि १९२५ मध्ये संघीय न्यायालयांसाठीही तसा कायदा झाला. आज अमेरिकेत सुमारे तीस लाख लोक प्रोबेशनवर आहेत.

मला विचाराल, तर या गोष्टीतलं महत्त्वाचं वाक्य एकच आहे. ऑगस्टस त्या माणसाशी आधी बोलले. त्यांच्याकडे अधिकार नव्हता, पगार नव्हता, छापील अर्ज नव्हता. ते बोलले, त्यांनी ऐकून घेतलं आणि मग स्वतःचे पैसे त्या माणसावर लावले. प्रोबेशनचा जन्म माणसानं माणसाची हमी घेण्यातून झाला आहे. हे ध्यानात ठेवा. पुढचं सगळं याच मापानं मोजायचं आहे.

दुसरा मुद्दा. या वर्गात शिकवतात तरी काय?

अनेकांची समजूत अशी, की तिथे ‘रागावू नका’ असा उपदेश होत असेल. उपदेशानं राग जात असता, तर आपल्या कुठल्याच घरात भांडण झालं नसतं! वर्गात उपदेश नसतो, रीत असते. १९७५ मध्ये रेमंड नोवाको या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी रागावरच्या उपचारांचं पुस्तक लिहिलं. त्यांची मांडणी तीन पायऱ्यांची आहे. आपल्याला राग कशानं येतो आणि त्या वेळी मनात काय चालतं, हे आधी ओळखायचं. मग तो आवरण्याची कौशल्यं शिकायची. आणि शेवटी, प्रसंग उभा करून त्या कौशल्यांचा सराव करायचा.

२००२ मध्ये अमेरिकी केंद्र सरकारच्या, व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्याचं काम पाहणाऱ्या संस्थेनं एक पुस्तिका काढली. बारा आठवड्यांचा गट, दर आठवड्याला दीड तास. त्यात रागाची मोजपट्टी आहे, एक ते दहा. गेल्या आठवड्यात तुमचा राग कुठवर चढला? कशानं चढला? चढताना शरीरानं कोणती खूण दिली? छाती धडधडली, जबडा आवळला, आवाज चढला, की येरझाऱ्या सुरू झाल्या? मनात कोणतं वाक्य आलं? ‘हा मला मुद्दाम खिजवतोय’, हे? दर आठवड्याला प्रत्येकानं हे गटासमोर सांगायचं. वरवर किती साधं दिसतं! पण पन्नाशीच्या माणसाला विचारून पाहा. राग दहावर गेलेला त्याला कळतो, कारण तेव्हा ताट भिरकावलेलं असतं. तो चारवर होता ते कळत नाही, आणि आवरायला जागा असते ती चारवरच.

त्या पुस्तिकेत रागाबद्दलच्या गैरसमजांचीही यादी आहे. ‘राग रक्तातच असतो’, हा एक. ‘आवाज चढवल्याशिवाय कामं होत नाहीत’, हा दुसरा. ‘राग बाहेर काढून टाकला की मोकळं वाटतं’, हा तिसरा. हे तिन्ही समज आपल्याकडे घराघरांत आहेत. ‘त्याचे वडीलही असेच तापट होते’, असं आपण जवळजवळ कौतुकानं सांगतो. पण भडास काढण्याची सवय लागली, की राग ओसरायच्या ऐवजी मुरतो.

त्याआधी, १९९८ मध्ये, मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी भावनेच्या वाटेवर आपण कुठे कुठे हस्तक्षेप करू शकतो, याची पाच ठिकाणं दाखवली. एक उदाहरण घेऊ. भावाशी शेताच्या बांधावरून वाद आहे. संध्याकाळी दारू घेतल्यावर त्या विषयावर बोलायला जायचंच नाही, हे पहिलं ठिकाण. जायचंच झालं, तर वडीलधारं माणूस बरोबर न्यायचं, हे दुसरं. तो टोमणा मारेल तेव्हा लक्ष टोमण्यावर न ठेवता समोरच्या नकाशावर ठेवायचं, हे तिसरं. ‘हा माझा अपमान करतोय’ याऐवजी ‘हाही कर्जानं पिचलाय’ असा अर्थ लावायचा, हे चौथं. आणि एवढं करूनही रक्त तापलंच, तर श्वास सावकाश करून तिथून उठायचं, हे पाचवं. आपण सगळे पाचव्या ठिकाणी झगडतो आणि तिथे बहुधा हरतो. पहिली चार ठिकाणं रिकामी सोडतो. मार्शा लिनहान यांनी आत्महत्येच्या टोकाला गेलेल्या रुग्णांसाठी जी उपचारपद्धती उभी केली, तिचंही म्हणणं हेच आहे, की भावना सांभाळणं हे शिकता येणारं कौशल्य आहे. ते कुणाच्या जन्मजात चांगुलपणावर सोडून द्यायचं नाही.

हे आपल्याला परकं आहे का? मुळीच नाही. अपमानानं विटून ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवांना बाहेर बोलावणारी मुक्ताई आपली आहे. समर्थांनी थेट मनालाच समोर बसवलं, तेही आपलं. संताप हा मोठ्या माणसालाही येतो आणि त्याला त्यातून बाहेर काढायला दाराबाहेर कुणीतरी जवळचं उभं राहावं लागतं, हे महाराष्ट्राला सातशे वर्षांपासून ठाऊक आहे.

तिसरा मुद्दा पडद्याचा. हे सगळं ऑनलाइन झालं तर?

२०२० मध्ये कोरोनानं कोर्टांची दारं बंद केली आणि असे वर्ग मोठ्या संख्येनं पडद्यावर गेले. साथ ओसरल्यावरही अनेक ठिकाणी ते तिथेच राहिले. यात दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत करू नका. पहिल्या प्रकारात ठरलेल्या वेळी गट जमतो. कॅमेरा सुरू ठेवायचा असतो, मार्गदर्शक समोर असतो, तो नाव घेऊन प्रश्न विचारतो. दुसऱ्या प्रकारात समोर कुणीच नसतं. धडे वाचायचे, व्हिडिओ पाहायचे, प्रश्नमंजूषा सोडवायची, ठरलेले तास भरले की प्रमाणपत्र निघतं. कोणता प्रकार चालेल, हे कोर्टावर आणि प्रोबेशन अधिकाऱ्यावर असतं. एका काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, मान्य असलेला अभ्यासक्रम दुसरीकडे नाकारला जाऊ शकतो. म्हणून जाणती माणसं सांगतात, पैसे भरण्याआधी अधिकाऱ्याची मंजुरी लेखी घ्या. तसं न करणाऱ्याचे तासही वाया जातात आणि पैसेही. वर अट मोडल्याचा ठपका येतो, सुनावणी लागते आणि टळलेला तुरुंग पुन्हा समोर उभा राहतो.

ऑनलाइन वर्गाला नाक मुरडणाऱ्यांनी त्याची बाजूही ऐकावी. रात्रपाळी करणारा कामगार, पदरी लहान मूल असलेली एकटी आई, जिथे बसच येत नाही अशा गावातला माणूस, यांना दर मंगळवारी संध्याकाळी शहरातल्या वर्गाला ये म्हणणं म्हणजे नोकरी सोड म्हणण्यासारखं आहे. नोकरी गेली की घर डळमळतं, घर डळमळलं की राग वाढतो. मग राग आवरण्याच्या वर्गानं आपण साधलं काय? शिवाय काही माणसं चारचौघांत तोंड उघडत नाहीत. घरच्या खोलीत बसून पहिल्यांदा कबुली देतात, ‘होय, मला बायकोच्या बोलण्याचा राग येत नाही, माझी नोकरी गेल्याचा येतो.’ ही सोय लहान नाही.

पण हानी कुठे होते? समोर कुणी नसलेल्या वर्गात माणूस उत्तरं शिकतो. बरोबर पर्याय कोणता हे त्याला नेमकं कळतं, आणि रागाच्या क्षणी पर्याय पडद्यावर येत नाहीत. गटात मात्र एखाद्यानं सांगितलं, ‘मी फक्त ढकललं होतं’, तर पलीकडचा दुसरा आरोपीच म्हणतो, ‘मीही असंच म्हणायचो.’ हे वाक्य कुठलाही व्हिडिओ म्हणू शकत नाही.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. घरातल्या मारहाणीला केवळ ‘राग अनावर झाला’ या नावाखाली घालू नका. बायकोवर हात टाकणारा माणूस साहेबावर हात टाकतो का? पोलिसावर टाकतो का? तिथे त्याचा राग बरोबर आवरतो. म्हणजे प्रश्न धाकाचा आणि हुकमतीचा आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानं हा फरक ओळखला. जोडीदाराला मारहाण केलेल्या गुन्हेगाराला प्रोबेशन द्यायचं, तर किमान तीन वर्षांचं, आणि मारहाण करणाऱ्यांसाठीच आखलेला एक वर्षाचा कार्यक्रम, दर आठवड्याला दोन तासांचा. चार तासांचा रागनियंत्रणाचा व्हिडिओ त्याला पर्याय होत नाही, आणि होऊ नये.

आपली मुलं, भाचरं तिकडे आहेत, म्हणून एक व्यवहाराची गोष्टही सांगतो. ग्रीन कार्ड असलं तरी कौटुंबिक हिंसेच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यास देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. वर्ग पूर्ण केल्यावर राज्याच्या कोर्टानं खटला काढून टाकला, तरी आधी दिलेली गुन्ह्याची कबुली इमिग्रेशनच्या कायद्यात अनेकदा दोषसिद्धीच धरली जाते. म्हणून २०१० मध्ये पडिया विरुद्ध केंटकी या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवून दिलं, की कबुलीचा हा परिणाम अशिलाला सांगणं वकिलाचं कर्तव्य आहे. ‘एवढा वर्ग करून टाक आणि मोकळा हो’, असं कुणी सांगितलं, तर सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारायला सांगा.

चौथा मुद्दा. याचा उपयोग होतो का?

१९७४ मध्ये अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मार्टिनसन यांनी कैद्यांच्या सुधारणेच्या कार्यक्रमांचा आढावा घेतला आणि जगानं त्यातून एकच अर्थ काढला, कशाचाच उपयोग होत नाही. राजकारण्यांना हे सोयीचं होतं. वर्ग बंद करा, तुरुंग वाढवा! पाच वर्षांनी, १९७९ मध्ये, मार्टिनसन यांनीच आपलं मत बदललं आणि काही कार्यक्रमांचा उपयोग होतो असं लिहिलं. ते कुणी फारसं वाचलं नाही. पुढे कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ अँड्र्यूज, बोंटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये तीन कसोट्या मांडल्या. ज्याच्या हातून पुन्हा गुन्हा घडण्याचा धोका जास्त, त्याला मदत जास्त द्या. गुन्ह्याचं जे खरं कारण, दारू असो, संगत असो, विचाराची वाकडी सवय असो, त्यावरच काम करा. आणि त्या माणसाला झेपेल, समजेल अशा पद्धतीनं शिकवा.

या कसोट्या ऑनलाइन वर्गाला लावून पाहा. सगळ्यांना तोच व्हिडिओ, तेवढेच तास, तेच प्रश्न. मग धोका कोणी मोजला? कारण कोणी शोधलं? त्याला भाषा समजली का, हे कोणी पाहिलं?

आणि पैशांचं काय? या वर्गांची फी बहुधा त्या माणसालाच भरावी लागते. १९८३ मध्ये बेअर्डन विरुद्ध जॉर्जिया या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की प्रामाणिक प्रयत्न करूनही दंड भरता आला नाही, एवढ्याच कारणानं प्रोबेशन रद्द करता येणार नाही. ऐपत नाही की नियत नाही, हे आधी तपासलं पाहिजे. किती न्याय्य वाक्य आहे! दंडाला लावलेलं हे माप वर्गाच्या फीलाही लागलं पाहिजे. संयम शिकण्याची संधी खिशातल्या पैशांवर ठरू लागली, तर तिला न्याय म्हणता येणार नाही.

पाचवा आणि शेवटचा मुद्दा आपला, महाराष्ट्राचा.

आपण या वाटेवर मागे नव्हतो. १९३८ मध्ये मुंबई प्रांतानं परिवीक्षेचा कायदा केला. १९३९ मध्ये औंध संस्थानात, आटपाडीजवळ, स्वतंत्रपूरची भिंतींविना वसाहत उभी राहिली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांनी कैद्यांवर विश्वास टाकला. गदिमांनी त्यावर कथा लिहिली, शांतारामबापूंनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला आणि जगानं तो पाहिला. इगतपुरीहून पसरलेली गोएंकागुरुजींची विपश्यना १९९४ मध्ये तिहारच्या तुरुंगात एका वेळी हजारांहून अधिक कैद्यांपर्यंत गेली. १९९७ मध्ये ती अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलजवळच्या तुरुंगात पोहोचली. तिथल्या संशोधकांना दिसलं, की विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात बसलेल्यांमध्ये सुटकेनंतर नशेचं प्रमाण इतर कैद्यांपेक्षा कमी होतं. म्हणजे मनाचं हे शिक्षण आपण अमेरिकेला दिलेलं आहे.

आणि कायदा? १९५८ चा गुन्हेगार परिवीक्षा अधिनियम साठ वर्षांहून जुना आहे. फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा नसेल, तर चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी सोडता येतं. परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख लावता येते, अटी घालता येतात. अशा सुटकेमुळे दोषसिद्धीची अपात्रता चिकटत नाही, हे कलम १२ सांगतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम १४ दंडाधिकाऱ्याला समुपदेशनाचा आदेश देण्याचा अधिकार देतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सामाजिक सेवा ही शिक्षा म्हणून आली आहे. अधिकार आहेत, पण ते वापरण्याचं बळ अजून द्यायचं आहे. तालुक्याच्या कोर्टात ‘याला राग आवरायला शिकवा’ असा आदेश निघाला, तर त्या माणसानं जायचं कुठे? मराठीत शिकवणारा वर्ग कुठे आहे?

उद्या कुणीतरी ॲप काढील, तासांची गणना होईल, प्रमाणपत्र मिळेल. तेवढ्यावर समाधान मानू नका. पडदा जरूर वापरा. गडचिरोलीच्या गावापर्यंत पुण्यातला मानसशास्त्रज्ञ पडद्यावरूनच पोहोचणार आहे. पण पडद्याच्या पलीकडे जिवंत माणूस हवा, जो नाव घेऊन विचारील, ‘या आठवड्यात राग कितीवर गेला?’ आणि उत्तर ऐकून घेईल.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर देतो. वर्गात बसून माणूस बदलतो का? न्यायालय माणसाला वर्गात बसवू शकतं, बदलवू शकत नाही. पण बसवणं हेही मोठं काम आहे, कारण आपणहून कुणी बसत नाही. पुढचं काम शिकवणाऱ्याचं, ऐकणाऱ्याचं, आणि त्या माणसाला परत घरात, गल्लीत, कामावर घेणाऱ्या आपलं आहे.

म्हणून या सभागृहात बसलेल्या वकील मित्रांना विनंती, पहिल्या गुन्ह्यातल्या अशिलासाठी परिवीक्षेचा अर्ज करायला विसरू नका. मानसशास्त्राच्या प्राध्यापकांना विनंती, बारा आठवड्यांचा मराठी अभ्यासक्रम तयार करा आणि तो कोर्टांना मोफत द्या. शासनाला मागणी, प्रत्येक तालुक्याला पुरेसे परिवीक्षा अधिकारी नेमा. आणि आपल्या सर्वांना विनंती, हा वर्ग पूर्ण करून आलेला माणूस नोकरी मागायला आला, तर त्याला दारातून परत पाठवू नका.